शिवणीचा पाय

मी एकदा एका बाईचा पाय जाळला. पाय तोवर तयार झालेला नव्हता, लाकडाच्या ओंडक्यातच होता. शिवाय ज्या भट्टीत तो जळला तिच्यापासून मी चांगला दोनशे पावलं लांब, माझ्या टेबलाशी चहा पीत बसलो होतो. हे दोन्ही मुद्दे मी माझ्या बचावासाठी पुष्कळ वर्षं वापरले. आता ते झिजलेत, म्हणून सरळच सांगतो.

तेव्हा मी एका मोठ्या इस्पितळात भांडाराचा कारकून होतो. भांडाराचा कारकून म्हणजे घरातली थोरली सून. सगळ्यांचं सगळं तिनं बघायचं आणि काही हरवलं की तिनंच ऐकून घ्यायचं. त्या वर्षी एक्स-रेचं नवं यंत्र येणार होतं आणि त्यासाठी तळमजल्यावरच्या मागच्या चार खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. सामान हलवायचं काम माझ्याकडे आलं. मी एक युक्ती काढली. प्रत्येक वस्तूवर खडूनं विभागाचं नाव लिहायचं: 'दंत', 'बालरुग्ण', 'धोबीखाना'. हमालांनी वाचायचं आणि त्या त्या विभागात नेऊन ठेवायचं. ही युक्ती मला इतकी आवडली की मी ती घरी बायकोलाही सांगितली. ती म्हणाली, "हमालांना वाचता येतं का?" म्हटलं, "न यायला काय झालं!" आणि खरंच, हमालांना उत्तम वाचता येत होतं. घोटाळा झाला तो मला वाचता येत होतं म्हणून.

शेवटच्या खोलीत खिडकीखाली नऊ ओंडके रचून ठेवले होते. हातभर लांबीचे, फिकट पिवळसर, धुळीनं माखलेले. प्रत्येकाच्या तोंडावर खडूनं, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरात लिहिलेलं होतं: 'शिवण'. मला फार बरं वाटलं. माझी पद्धत कोणीतरी न सांगता अमलात आणली होती. मी नऊच्या नऊ ओंडके दुसऱ्या मजल्यावर शिवण विभागात पाठवून दिले आणि यादीत त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली.

तिसऱ्या दिवशी एक उंच, वाळलेला माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. कानामागे पेन्सिल, भुवयांवर लाकडाचा भुसा. हे पायघरातले मिस्त्री. ज्यांचे पाय गेले त्यांना लाकडी पाय करून देणारी आमच्या इस्पितळात एक छोटी कार्यशाळा होती, तिला सगळे पायघर म्हणत. तिथं हा माणूस तीस वर्षं एकटाच काम करत होता. माझी आणि त्यांची ओळख तोवर खिळे आणि सरस यांच्यापुरतीच.

"साहेब, शिवण कुठंय?"

"दुसरा मजला. जिन्याच्या डावीकडे."

"ती नाही. माझी."

"तुमचं काही शिवायला टाकलंय का?"

त्यांनी माझ्याकडे लाकडात गाठ दिसावी तसं पाहिलं. "लाकूड. नऊ नग. खिडकीखाली होतं."

"हां, ते! ते दिलं की शिवणात."

"का?"

"वर लिहिलं होतं ना, शिवण."

"ते झाडाचं नाव आहे," मिस्त्री म्हणाले.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि दोन परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो होतो. मला एकूण पाच झाडं माहीत होती: आंबा, नारळ, चिंच, वड आणि 'बाकीची'. त्या 'बाकीच्यां'त शिवण नावाचं एक झाड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही जिना चढून गेलो. शिवण विभागात चार यंत्रं होती आणि चादरींच्या ढिगाआड बसलेल्या मावशी. त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्या इस्पितळाच्या मावशी होत्या. मी विचारलं, "मावशी, परवा पाठवलेले ओंडके?"

"ते होय! अहो, मी दिवसभर विचार केला, ह्या माणसानं हे का पाठवलं असेल. लाकडाचं इथं करायचं काय, सुईत ओवायचं? मग म्हटलं, खाली धोबीखान्यात द्यायचे असतील, चुकून आले. त्यांचा कोळसाही संपला होता. दिले."

पुढचं मी पळतच ऐकलं. धोबीखान्यात चादरी उकळायची मोठी भट्टी होती. तिच्यापुढचा धोबी आम्हाला पाहून खूष झाला. "मिस्त्री, काय लाकूड होतं हो! धूर नाही, काही नाही, कागदासारखं पेटलं. अजून आहे का?"

मिस्त्री खाली बसले. त्यांनी सळईनं राख बाजूला केली. एक वीतभर तुकडा अर्धा काळा होऊन उरला होता. तो उचलून त्यांनी नाकाशी नेला, अंगठ्याचं नख लावून पाहिलं आणि खिशात टाकला.

"पेटणारच," ते म्हणाले. "अकरा वर्षं वाळलेलं होतं." आणि निघून गेले.

मी परत वर आलो तेव्हा मावशी जिन्यातच उभ्या होत्या. त्यांना तोवर कोणीतरी सांगितलं होतं. एरवी चार मशीनच्या आवाजावरून बोलणारी ती बाई अगदी हळू म्हणाली, "अरे, ते त्याच्या बायकोच्या पायाचं लाकूड होतं रे."

साखरेच्या दुखण्यानं मिस्त्रींच्या बायकोचा डावा पाय दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याखाली काढला होता. जखम भरली होती, सूज मात्र होती. ती पुरी उतरली की पाय करायला घ्यायचा म्हणून मिस्त्रींनी ते नऊ ओंडके राखून ठेवले होते. त्यातून उरलेला पाय आत बसायची खोबण, पोटरी आणि पाऊल असा एकच पाय निघाला असता. बाकीचं लाकूड खोबण बिघडली तर हाताशी असावं म्हणून.

आता मिस्त्रींविषयी थोडं सांगायला हवं. हा माणूस खोटं बोलत नसे. यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, त्याला ते येतच नसे, काहींना शिट्टी येत नाही तसं. आमचे शल्यवैद्य मोठे उमदे. रोग्याला सांगत, "अहो, पळाल तुम्ही, पळाल!" रोगी हरखून पायघरात येई आणि मिस्त्रींना विचारी, "मी पळेन ना?" मिस्त्री माप घेता घेता सांगत, "नाही. बस पकडता येईल. थांबलेली असली तर." कोणी विचारलं, "दुखेल का?" तर उत्तर, "हो." "किती दिवस?" "दुखायचं थांबेपर्यंत." गंमत अशी की लोक शल्यवैद्यांना पेढे देत आणि अडचण आली की मिस्त्रींकडे येत.

तर अशा माणसाच्या घरी मी माफी मागायला गेलो. अर्धा डझन केळी घेऊन. साखरेच्या रोग्याकडे केळी नेणारा मी पहिला नसेन, पण त्या घरात तरी पहिलाच होतो.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, उभा लाकडी जिना, आणि खिडकीशी खाट. खाटेवर एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई उशीला टेकून गवार मोडत बसली होती. मी दारात काही बोलायच्या आत ती म्हणाली, "या, टेलर भावोजी."

मी चपापलो.

"सगळं शिवणात पाठवता ना तुम्ही? मग टेलरच की. बसा. ती केळी यांना द्या, मला नुसती दाखवा."

मी तोंडपाठ करून आणलेलं वाक्य सुरू केलं. "वहिनी, माझ्या हातून जे घडलं..."

"पाय जाळलात माझा," त्या म्हणाल्या. "एक डॉक्टरनं कापला, एक तुम्ही जाळला. आता उरलेल्यावर नजर नका ठेवू म्हणजे झालं." आणि हसल्या. मला हसू येईना. मिस्त्री कोपऱ्यात पटाशीला धार लावत होते. तेही हसले नाहीत. पण त्यांचं न हसणं नेहमीचंच होतं, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

मी विचारलं की इस्पितळातला नवा प्लॅस्टिकचा पाय का नाही घेत. वहिनींनी लुगडं सारून गुडघ्याखालचा भाग दाखवला. तो पाय आठच दिवस लावला होता, आणि तेवढ्यात एक जागा सोलून लाल झाली होती. साखर असलेल्या माणसाला ती जागा म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेचं निमंत्रण. "घाम धरतो तो," मिस्त्री म्हणाले. "शिवण धरत नाही."

"मग शिवण विकत आणू."

"वखारीत जी मिळते ती लागवडीतली. कोवळी. तडकते."

"मग सागवान?"

"जड," मिस्त्री म्हणाले.

"सागवानी पाय लावून मी चालायला लागले," वहिनी म्हणाल्या, "तर खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील. आणि तुम्हाला शिवण म्हणून कोणी काहीही देईल हो, तुम्हाला ओळखता येते का?"

"नाही," मी म्हणालो.

"यांनाही येत नव्हती," त्या म्हणाल्या. "खुर्च्या-टेबलं करणारा शहरी सुतार होता हा माणूस. लग्न करून मला आणलं आणि मग पायघरात लागला. पाय कशाचे करायचा? सागाचे! माणसं लंगडायची ती पाय नाही म्हणून नव्हे, आहे म्हणून. मग मी नेलं माझ्या माहेरच्या रानात, आणि दाखवली शिवण."

वहिनींचं माहेर जंगलाच्या कडेला होतं. त्यांच्या लहानपणी शिवणीची पिवळी फळं आधी हरणं खायची आणि राहिलेली मुलं. ताप आला की त्या फळाचं पाणी, डोकं दुखलं की पानाचा रस कपाळाला, मूळ काढ्यात, पाला गुरांना. लाकूड हलकं आणि न वाकणारं, म्हणून होडीची वल्ही शिवणीची, बैलाचं जू शिवणीचं, वाद्यांची पोकळ खोडं शिवणीची. "आणि पाळणे," त्या म्हणाल्या. "पाळणा शिवणीचाच. यांनी आमच्यासाठी पण केला होता. तो रिकामाच राहिला, मग दिला तुमच्या इस्पितळात. खोल्या हलवताना दिसला असेल तुम्हाला. त्याच्यावर काय लिहिलंत खडूनं?"

मला आठवला. कडेला वेलबुट्टी कोरलेला. "बालरुग्ण," मी म्हणालो.

"हे एक बरोबर पाठवलंत," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा गवार मोडू लागल्या.

त्यांना पाय कशासाठी हवा होता, तेही त्याच दिवशी कळलं. काही तीर्थाटन करायचं नव्हतं, की कोणाच्या लग्नात मिरवायचं नव्हतं. दोन जिने उतरून गल्लीच्या टोकाला जायचं आणि स्वतःच्या हातानं निवडून भाजी आणायची. "हे आणतात ती भाजी नव्हे, ती शिक्षा असते. लाकूड पारखणाऱ्या माणसाला किडकं वांगं कसं दिसत नाही हो?"

"दिसतं," मिस्त्री म्हणाले. "पण त्या बाईला नाही म्हणवत नाही."

मी म्हटलं, "वहिनी, खुर्चीत बसवून नेतो की खाली. मी आणि मिस्त्री, दोघं मिळून."

"उचलून माणसाला एकदाच नेतात भावोजी," त्या म्हणाल्या. "त्याला वेळ आहे."

त्या रविवारपासून मी आणि मिस्त्री जंगलात जाऊ लागलो. सकाळची पहिली बस, दोन तासांचा रस्ता, मग पायपीट. मी कशाला जात होतो, कोण जाणे. मिस्त्रींनी बोलावलं नव्हतं आणि नकोही म्हटलं नव्हतं. निघताना वहिनींनी मला धडा दिला होता: साल फिकट राखाडी, खवल्यांनी सुटणारी. पानं समोरासमोर, बदामाच्या आकाराची, टोक लांब निघालेलं. पान उलटं केलं की खालून पांढुरकं. आणि देठ जिथं पानाला चिकटतो तिथं दोन बारीक ठिपके. "मुंग्या तिथं चाटायला येतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही ओळखता आलं तर मुंगीला विचारा. आणि पुरावा म्हणून एक पान आणा."

मी पहिल्या रविवारी अकरा झाडं ओळखली आणि अकराही चुकलो. एकदा तर एका वेलाला शिवण म्हटलं. मिस्त्री दरवेळी तेवढंच म्हणत, "नाही." दुपारपर्यंत मला त्या 'नाही'ची इतकी सवय झाली की मीच झाडापाशी जाऊन "नाही, नाही" म्हणून परत येऊ लागलो. ते स्वतः झाडापाशी गेले की आधी बोटाच्या पेरानं ठोकत, मग हात पसरून बुंध्यावर ठेवत. पायघरात रोग्याच्या मांडीवर ते ठेवत तसाच.

तिसऱ्या रविवारी ते पाणी प्यायला खाली ओढ्यावर गेले असताना मला एक झाड सापडलं. बदामी पान, समोरासमोर, सगळं बरोबर. मी त्यांना न सांगताच एक पान वहीत ठेवलं आणि संध्याकाळी वहिनींपुढे ऐटीत धरलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, देठाशी बोट फिरवलं.

"हा हेदू," त्या म्हणाल्या. "सगळे इथंच फसतात. ठिपके कुठं आहेत? आणि टोक बघा, आखूड, गोल. याच्या फण्या करतात. याचा पाय केलात तर मी उभी राहीन, पण उचलायला दोन माणसं लागतील." मग ते पान त्यांनी उशाशी ठेवून दिलं. "असू दे. निदान झाडाचं पान आणलंत. प्रगती आहे."

म्हाताऱ्या शिवणी त्या जंगलात उरल्या नव्हत्या. ज्या होत्या त्या मनगटाएवढ्या. मिस्त्रींनी तीस वर्षांपूर्वी जिथं झाड पाहिलं होतं तिथं बुंधे होते, आणि काही ठिकाणी तेही नव्हते. सातव्या रविवारी एका वनरक्षकानं आमच्यावर दया केली. किंवा लाकूडचोर समजून पाळत ठेवून ठेवून तो कंटाळला असेल. म्हणाला, दरीच्या कडेला एक जुनी शिवण वादळात पडली आहे.

ती आडवी पडली होती, मुळांसकट, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढी. एका फांदीला अजून हिरवी पानं होती. मी एक तोडलं, उलटं केलं. पांढुरकं. देठाशी दोन ठिपके. आणि खरंच, एक मुंगी.

"शिवण," मी म्हणालो.

मिस्त्रींनी बुंध्यावर हात ठेवला होता. "हो," ते म्हणाले. आमच्या ओळखीतला हा त्यांचा पहिला होकार. मला वाटतं त्यांचे डोळे भरले होते, पण ते वर भुसा असल्यासारखे भुवया पुसत होते, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

पडलेलं झाड झालं तरी ते जंगलाचंच. तिथं मात्र माझा जन्मभराचा एकमेव गुण कामाला आला. मी अर्ज लिहिले. वनाधिकाऱ्यांनी ते तीनदा परत पाठवले आणि शेवटी आम्हाला समोर बोलावलं.

"लाकूड कशाला हवंय?"

"पायासाठी," मिस्त्री म्हणाले.

"खुर्चीच्या?"

"बायकोच्या."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि सही केली.

ओंडके आले. मिस्त्रींनी ते गाभ्यापासून चिरले, तोंडांना मेण लावलं, आणि पायघरात सावलीला रचले. या वेळी त्यांनी त्यांच्यावर खडूनं लिहिलं, 'शिवण (झाड)'. मला टोमणा कळला.

पण लाकूड ओलं होतं. ओल्या लाकडाची खोबण कोरली तर वाळताना ती आक्रसते. तांदळाच्या दाण्याएवढी आक्रसली तरी वहिनींचा पाय पुन्हा सोलणार. पूर्वी मिस्त्री लाकूड सात-आठ वर्षं ठेवत. पातळ चिरून, सारखं उलटंपालटं करून ते दोन वर्षांत वाळवता येईल असा त्यांचा हिशेब होता. त्याहून घाई करता येत नव्हती. मी विचारलं, धोबीखान्याच्या भट्टीजवळ ठेवलं तर? आणि विचारून झाल्यावर मलाच कानकोंडं झालं.

लाकूड किती वाळलं हे वजनावरून कळतं. वजन घटायचं थांबलं की वाळलं. तेवढं बारीक वजन दाखवणारा काटा इस्पितळात एकाच ठिकाणी होता, बालरुग्ण विभागात, तान्ह्या मुलांना तोलायचा. दर महिन्याच्या एक तारखेला मी तीन तुकडे टॉवेलात गुंडाळून तिथं नेत असे. परिचारिका आधी हसायच्या, मग त्यांनाही सवय झाली. "आज बाळ चाळीस ग्रॅम उतरलं हो," असं सांगायच्या. बाहेर बसलेल्या आया माझ्याकडे कणवेनं पाहत.

आकडा घेऊन मी वहिनींकडे जाई.

"वाळलं का हो भावोजी?"

"वाळतंय."

"मी पण वाळतेय. बघू कोण आधी पुरं होतं."

पहिल्या काही महिन्यांत ही चेष्टा होती. मग त्यांचा गोल चेहरा खरंच लांब दिसू लागला. गवार मोडायच्या त्या आता शेंगा हातात घेऊन नुसत्या बसत. खिडकीतून गल्लीचं टोक दिसायचं नाही, मधे एक इमारत होती. भाजीवालीची आरोळी मात्र ऐकू यायची. ती आली की वहिनी बोलता बोलता थांबत आणि ती गेली की पुन्हा सुरू करत. मधलं वाक्य तुटलं आहे हे त्यांच्या ध्यानात नसे. माझ्या असे.

एकदा मी गेलो तेव्हा मिस्त्री जमिनीवर बसून त्यांच्या पायाचं माप घेत होते. ते माप वहीत कधीच लिहिलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, "बघा, परत घेतायत. म्हणतात, बारीक झालाय." मिस्त्री दोरी गुंडाळत राहिले.

मी दारातून निघताना मिस्त्रींना विचारलं, "घाई नाही करता येणार?"

"नाही."

"थोडं ओलं राहिलं तर?"

"सोलेल."

चौदाव्या महिन्यात एका दुपारी, मिस्त्री कामावर असताना, वहिनी गेल्या. हृदय थांबलं. शेजारीण ताक द्यायला आली तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून होत्या.

आम्ही त्यांना दोन जिने खाली आणलं. जिना अरुंद, वळण अवघड. पुढे मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ, मागे मी आणि धोबीखान्यातला तो धोबी. तो सबंध वेळ रडत होता. गल्लीच्या टोकाला भाजीवालीनं टोपली बाजूला सरकवून आम्हाला वाट करून दिली. तिनं मिस्त्रींना विचारलं, "कोण हो?" ती तिथं बसायला लागली ती वहिनींचा पाय गेल्यावर. इतके महिने ज्या बाईला ती किडकी वांगी पाठवत होती, तिला तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मग जो तो माझी समजूत घालायला लागला. शल्यवैद्य म्हणाले, "अहो, हृदयच दुबळं होतं, पाय असता तरी त्या गेल्याच असत्या." मावशी म्हणाल्या, "निम्मी चूक माझी, मी कशाला दिले धोबीखान्यात?" बायको म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक शिवण झाड असतं ते?" सगळे खरं बोलत होते. मी ते सगळं ऐकून घेई, मान हलवी, आणि रात्रीचं जेवण नीट जाई. एका माणसाला मात्र मी काही विचारत नसे. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

दर एक तारखेचं वजन मी चालूच ठेवलं. का, ते माहीत नाही. मिस्त्रींनीही बंद करा म्हटलं नाही. एकविसाव्या महिन्यात वजन घटायचं थांबलं. बाविसाव्यातही तोच आकडा. मी मिस्त्रींना सांगितलं, "वाळलं." ते म्हणाले, "हं."

पायघर बंद व्हायचं ठरलं होतं. मिस्त्रींची निवृत्तीही जवळ आली होती. त्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याकडे एक बाई आली. शाळेत घंटा वाजवणारी. दिवसातून आठ वेळा वरच्या मजल्यावर जायचं, घंटा द्यायची आणि खाली यायचं, ही तिची नोकरी. अपघातात डावा पाय गेलेला, गुडघ्याखाली. प्लॅस्टिकचा तिलाही सोसला नव्हता. शाळेनं महिनाभराची मुदत दिली होती. मिस्त्रींनी दोरी काढली, माप घेतलं, आणि रचलेल्या शिवणीतला सगळ्यात वरचा तुकडा खाली घेतला. पुढचे तीन आठवडे पायघरातून फक्त पटाशीचा आवाज येत होता आणि भुशाचा तो मंद, थोडा कडसर वास. मला आता तो वास डोळे मिटून ओळखता येतो.

पाय झाला. त्यांनी तिला इस्पितळाच्या मधल्या जिन्यावर चालायला लावलं. आम्ही दोघं खालच्या पायरीपाशी बाकावर बसलो. ती वर गेली, कठड्याला धरून. खाली आली, कठड्याला धरून. पुन्हा वर गेली. चौथ्या वेळी तिनं कठडा सोडला. मिस्त्री तिच्याकडे पाहतच नव्हते. ते मान खाली घालून नुसता आवाज ऐकत होते. एक पाऊल माणसाचं, एक शिवणीचं. माणसाचं, शिवणीचं.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," ती वरूनच म्हणाली. "हलका आहे. लावलाय असं वाटतच नाही."

आणि ती आम्हाला विसरून, कोणीही न सांगता, पाचव्यांदा जिना चढू लागली.

मिस्त्रींचे हात गुडघ्यांवर होते. अंगठ्याच्या नखात अजून पिवळा भुसा होता. मी इतके महिने जे गिळून बसलो होतो ते त्या आवाजात तोंडातून निघून गेलं.

"मिस्त्री, ते नऊ ओंडके मी शिवणात पाठवले नसते... तर वहिनी?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"चालली असती."